लठ्ठपणा, स्थूलता की मेदोवृद्धी?

शब्दवेडी : सार्वजनिक आरोग्यावरचं एक टिपण मराठीत आणतेय. ‘ओबेसिटी’ला बिनदिक्कत ‘लठ्ठपणा’ लिहीत गेले आणि मग हे वाक्य आलं : ‘लठ्ठपणास प्रतिबंध करण्यासाठी शासनाने पावले उचलावीत.’ मोठ्याने वाचलं तर जाड माणसांना दारातच अडवल्यासारखं वाटलं. शिवाय ‘ओव्हरवेट’ वेगळं दाखवायचंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत प्रौढांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन मोजणारा आकडा) २५ झाला की ओव्हरवेट, ३० झाला की ओबेसिटी. तुम्ही काय लिहिता?

कोशातला किडा : ‘जादा वजन’ आणि ‘लठ्ठपणा’. ‘अतिवजन’ नको, ‘अति’ लागला की ती लठ्ठपणाच्याही पुढची पायरी वाटते. आणि ‘वजनदार’ तर अजिबात नको, तो थेट मंत्रिमंडळात जाऊन बसतो.

बाकी ‘लठ्ठ’ एवढा वाईट शब्द नाही हो. लठ्ठ पगार नको म्हणणारा अजून भेटायचाय. गुटगुटीत, बाळसेदार, धष्टपुष्ट, अंगाने भरलेला, सगळे कौतुकाचेच शब्द. अंगावर मूठभर मांस चढतं तेही आनंदाने. वय वाढलं की मात्र तोच माणूस ‘सुटतो’. हे ‘सुटणे’ मला फार आवडतं. जणू इतके दिवस कुणी त्याला आवळून बांधला होता.

शब्दवेडी : ‘स्थूलता’ जरा सभ्य नाही का?

उंबरठा : सभ्य वाटते, कारण आपण घरात ती वापरत नाही. पण निंदा संस्कृतातही आहेच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘अष्टौनिन्दितीय’ नावाचा अध्याय आहे आणि त्या आठ निंदितांत अतिस्थूल माणूस आहे. अतिकृशही आहे म्हणा.

मला ‘मेदोवृद्धी’ पटतो. त्यात काहीतरी घडतंय हे कळतं. ‘पणा’ लावला की ती गोष्ट माणसाचा स्वभाव होऊन बसते : आळशीपणा, हावरटपणा, वेंधळेपणा आणि त्याच रांगेत लठ्ठपणा. १९९० ते २०२२ या काळात जगात प्रौढांमधलं प्रमाण दुपटीहून वाढलं, किशोरवयीनांमध्ये चौपट झालं. २०२२ साली दर आठ माणसांमागे एक या गटात होता. तीस-बत्तीस वर्षांत जगभरचे लोक एकदम हावरट झाले का? स्वस्त, गोड, तेलकट आणि तयार खाणं हाताशी आलं, कामं बसून व्हायला लागली, चालणं गेलं. हे सगळं माणसाच्या बाहेर घडलंय, आणि शब्द मात्र माणसाला चिकटतो.

कोशातला किडा : मोठेपणा, शहाणपणा, मनमोकळेपणा यांनी तुमचं काय बिघडवलंय? ‘पणा’ निर्दोष आहे. चिडवणं असेल तर ते ‘लठ्ठ’मध्ये आहे. आणि ‘मेदोवृद्धी’ छापून बघाच. निम्मे वाचणारे मेंदूचा आजार समजतील.

उंबरठा : मेंदूचं मान्य. :) ‘पणा’बद्दल मात्र नाही.

शब्दवेडी : टिपणात करांवरही एक प्रकरण आहे. डेन्मार्कने ऑक्टोबर २०११ मध्ये संपृक्त स्निग्धांशावर (सॅच्युरेटेड फॅटवर) कर लावला आणि २०१३ च्या सुरुवातीला तो उठवलाही. त्याला ‘चरबी कर’ लिहिलं तर?

कोशातला किडा : अंगात चरबी आलेल्यांवर कर! तसा बसला तर तिजोरी भरून वाहील. ‘स्निग्धांश कर’ लिहा. ‘मेद कर’ नको, तो शरीरातल्या मेदावर बसतो, कर तर खाण्यातल्या स्निग्धांशावर होता.

उंबरठा : कर कुणावर, हे शब्दातून दिसलंच पाहिजे. ब्रिटनने एप्रिल २०१८ मध्ये साखरेच्या शीतपेयांवर आकारणी सुरू केली ती उत्पादकांवर : १०० मिलिलिटरला ५ ग्रॅमपासून एक दर, ८ ग्रॅमपासून वरचा. बऱ्याच कंपन्यांनी त्याआधीच साखर उतरवली. याला ‘गोड खाण्यावर कर’ म्हटलं की पुन्हा पिणाराच गुन्हेगार. चिलीत २०१६ पासून पाकिटावर काळा अष्टकोन असतो, त्यात फक्त साखर, मीठ, उष्मांक किंवा संपृक्त स्निग्धांश जास्त असल्याचं लिहितात. मराठीत ‘साखर जास्त’ एवढं पुरे. बोट पाकिटाकडे आहे.

शब्दवेडी : आणि माझा ‘प्रतिबंध’ राहिलाच.

कोशातला किडा : तो दुतोंडी आहे. ‘प्रतिबंधक लस’मध्ये राखण करतो, ‘प्रतिबंधित क्षेत्रा’त मज्जाव करतो. नाम सोडा, क्रियापद धरा. ‘लठ्ठपणाविरुद्ध लढा’ही नको, लढा हां हां म्हणता लठ्ठांविरुद्ध होतो. ‘साथ’ही जपून लिहा, वाचणारा शेजारच्यापासून लांब सरकून बसेल.

शब्दवेडी : मग असं : ‘लोकांचं वजन प्रमाणाबाहेर वाढू नये म्हणून शासनाने खाद्यपदार्थांच्या उत्पादकांवर पुढील बंधने घालावीत.’ ‘लठ्ठपणा’ शीर्षकात ठेवते, तक्त्यात ‘जादा वजन’ आणि ‘लठ्ठपणा’ असे दोन रकाने.

उंबरठा : चालेल. ‘प्रमाणाबाहेर’ खास आवडलं.

कोशातला किडा : वाक्य छान. ‘पुढील’ काढून ‘ही’ घाला, सरकारी वास जाईल.