रिफायनरी नको झाली, तर परदेशी कंपनी सरकारवर दावा लावू शकते का?

सड्यावरची, राजापूर:
बारसूच्या सड्याजवळ आमची दीडशे कलमं आहेत. एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण झालं, तेव्हा विरोध म्हणून आई दिवसभर उन्हात सड्यावर बसली होती. परवा वाडीच्या बैठकीत एक काका म्हणाले, "सौदी-अबूधाबीचा पैसा एकदा पडला की सरकारच्या मनात आलं तरी प्रकल्प थांबणार नाही. भरपाई मागतील." खरं आहे का? यंदा मोहोर दोनदा आला आणि दोन्ही वेळा गळला. हवा अशीच बिघडत गेली तर उद्या नियम कडक करावेच लागतील. त्याचे पैसे आपण भरायचे?

अंजनवेलकर:
थांबवता येतं, पण दावा येतो. आमच्या दारात घडलंय. २००१ मध्ये वीज मंडळाने एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाची महाग वीज घेणं बंद केलं, डिसेंबरात एन्रॉनच बुडाली. तरी जीई आणि बेक्टेल या तिच्या अमेरिकी भागीदारांनी मॉरिशसच्या कंपन्या पुढे करून भारत-मॉरिशस गुंतवणूक संरक्षण कराराखाली केंद्र सरकारवर आंतरराष्ट्रीय लवादापुढे, म्हणजे पंचांपुढे, दावा लावला. अमेरिकेशी आपला असा करार नव्हताच! २००५ मध्ये तडजोड झाली. प्रकल्प बंद पडल्यावर आमच्या वाडीतली जी माणसं घरी बसली, त्यांना दाद मागायला असा लवाद कुठे होता?

वकील, रत्नागिरी:
ताई, त्यानंतर बरंच बदललं. २०२० मध्ये व्होडाफोन आणि केर्न या परदेशी कंपन्यांनी असेच लवादापुढे नेलेले दोन्ही करखटले भारत हरला. केर्नला १२० कोटी डॉलर द्या, असा निवाडा होता. त्याआधीच, पुढच्या करारांसाठी भारताने केलेल्या २०१६ च्या नमुना करारात, कर वगळले होते आणि आधी पाच वर्षं इथल्या कोर्टात लढा, अशी अट घातली होती. जुने बरेच करार रद्दही केले. पण २०२४ च्या अमिरातीबरोबरच्या करारात पाचाची तीन वर्षं झाली, याची मला काळजी वाटते. शिवाय रद्द केलेला करार जुन्या गुंतवणुकीला पुढे दहा-पंधरा वर्षं लागू राहतो. इटलीने किनाऱ्याजवळ तेल काढायला बंदी घातली आणि २०१६ मध्ये ऊर्जा-गुंतवणुकीला संरक्षण देणाऱ्या बहुदेशीय करारातूनही बाहेर पडली. तरी एका तेल कंपनीच्या दाव्यात २०२२ मध्ये १९ कोटी युरोंचा निवाडा इटलीच्या विरोधात गेलाच. तो २०२५ मध्ये रद्द झाला, तेही लवादातल्या एका सदस्याने स्वतःबद्दलची माहिती दडवली म्हणून.

सड्यावरची, राजापूर:
मग अशा लवादापुढे आमच्या ग्रामसभेचा ठराव चालतो का?

वकील, रत्नागिरी:
तुम्ही पक्षकार नसता. लवादाने परवानगी दिली तरच त्रयस्थ म्हणून लेखी म्हणणं मांडता येतं.

सड्यावरची, राजापूर:
सोमवारी ग्रामसेवकांकडून सगळ्या ठरावांच्या सही-शिक्क्याच्या नकला घेते. इंग्रजी करून द्याल का, दादा?