इलेक्ट्रिकल कामाचा धंदा वाढवायचाय, मेंटर खरंच लागतो का?

वायरमन_नाशिक
नमस्कार मंडळी. मी आयटीआय करून वायरमन झालो, आता नाशिकमध्ये स्वतःची कामं घेतो, बंगले, फ्लॅटचं रिनोव्हेशन असं, हाताखाली चार पोरं आहेत. आता एका बिल्डरने विचारलंय की अख्खी बिल्डिंग मटेरियलसकट घेशील का. इच्छा खूप आहे पण एवढं मोठं काम कधी केलेलं नाही आणि घरात धंद्याचं कोणी नाही विचारायला. एक जण बिझनेस कोचिंग देतो म्हणे, फी ऐकून छातीत धस्स झालं. असा कोच लावावा का, की मेंटर म्हणजे वेगळं काही असतं? अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.

पुणेकर_काँट्रॅक्टर
भाऊ, आधी अभिनंदन. कोचिंगला पैसे भरू नकोस, तुझ्याच लाइनमधला माणूस शोध ज्याने पाच-दहा बिल्डिंगी केल्यात आणि आता काम कमी केलंय. मला असे एक काका भेटले होते, त्यांनी भाषण वगैरे काही दिलं नाही, फक्त म्हणाले वर्क ऑर्डर दाखव. त्यात बिलाचे टप्पे होते, स्लॅबचं पाइपिंग, मग भिंतीत झिऱ्या (पाइपसाठी खाचा) मारणं, वायर ओढणं, शेवटी फिटिंग आणि टेस्टिंग. बिल्डरने सगळ्यात जास्त टक्के शेवटच्या टप्प्याला ठेवले होते, वर रिटेन्शन, म्हणजे काम झाल्यावरही काही काळ अडकवून ठेवायची रक्कम, वेगळं. काका म्हणाले मजुरी तर तुझी स्लॅब आणि झिऱ्यांतच जाते, पोरांना दर शनिवारी पगार द्यायचा आणि पैसा पझेशनला मिळणार, मधले महिने कशावर काढणार? मग सही करायच्या आधी टप्पे बदलून घेतले आणि तांब्याचा भाव वाढला तर वायरचा फरक मिळेल अशी ओळ पण टाकून घेतली. बिल्डरने फार खळखळ केली नाही, विचारलं म्हणून मिळालं. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत रे.

हिशोबवाली_ताई
वरच्या दादांशी १०० टक्के सहमत. आमचं प्लंबिंगचं काम आहे कोल्हापूरला, हे साइट बघतात, मी वही आणि बिलं. कागदाच्या दोन गोष्टी सांगते. मटेरियलसकट काम घेतलं की मटेरियलची रक्कम पण टर्नओव्हरमध्ये धरतात, वर्षाला २० लाखांच्या पुढे गेलात की जीएसटी नंबर लागणार, त्यामुळे रेट देताना कर वेगळा लिहा नाहीतर तो तुमच्या खिशातून जातो. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट असते, एजंटला पैसे देऊ नका. लघुउद्योगांचं पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असा २००६ चा कायदा आहे, पण मटेरियलसकट काम असलं की ते वर्क्स काँट्रॅक्ट (माल आणि मजुरी एकत्र) आहे म्हणून हा कायदा लागू नाही असा समोरचे वाद घालतात, म्हणून नुसत्या कायद्याच्या भरवशावर राहू नका, टप्पे पक्के करा.
आणि मेंटर हवाच असेल तर भारतीय युवा शक्ती ट्रस्टकडे चौकशी करा. १९९२ पासून तरुणांच्या धंद्यांना मेंटर जोडून द्यायचं काम करतात, पुण्यात पण आहेत. सीए हवाच पण तो रिटर्न भरेल, हे काम घे किंवा सोड असं तो सांगणार नाही.

साइटवरचा
एक सांगू का, मेंटर निवडताना त्याचा स्वतःचा फायदा कुठे आहे ते बघा. आमच्या भागात एक ज्येष्ठ होते, सल्ला छान द्यायचे पण मटेरियल त्यांच्या भाच्याच्या दुकानातूनच घ्यायला लावायचे. वायर, स्विच विकणारा, कर्ज मिळवून देणारा किंवा तुमच्या धंद्यात पार्टनर व्हायला बघणारा माणूस कितीही भला असला तरी रेटच्या बाबतीत त्याचं ऐकू नये असं माझं ठाम मत. बाकी काय विचाराल ते त्याला विचारा.

वायरमन_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार, कोचिंगचा विषय संपला. ज्यांच्याकडे मी शिकाऊ म्हणून होतो ते मिस्त्री आता रिटायर आहेत, त्यांच्याकडे रविवारी वर्क ऑर्डर घेऊन जातो. एकच अडचण, माझ्याकडे वायरमन परवाना आहे पण काँट्रॅक्टर लायसन नाही, त्याचं काय करू?

पुणेकर_काँट्रॅक्टर
मग आधी तेच बघ. मीटर घेताना महावितरणला टेस्ट रिपोर्ट लायसनवाल्या काँट्रॅक्टरचाच लागतो. विद्युत निरीक्षकांच्या ऑफिसला जाऊन कागद विचारून ये, आणि तोवर मिस्त्रींच्या ओळखीत कोणी लायसनवाला असेल तर हे पहिलं काम त्याच्यासोबत लेखी करून घे, तोंडी नको.

वायरमन_नाशिक
ओके दादा, मिस्त्रींना हे पण विचारतो आणि इथे कळवतो.