साथीच्या काळात मदतीची यादी कोण ठरवत होतं?

शिलाई_परदेशीपुरा
नमस्कार मंडळी. इंदूरला परदेशीपुऱ्यात राहते, घरीच शाळेच्या गणवेशांची शिलाई करते. कापलेलं कापड व्यापारी देतो, पैसे नगावर. आमचा हंगाम एप्रिल ते जून. 2020 मध्ये 25 मार्चला लॉकडाऊन लागला, शाळा उघडल्या नाहीत आणि गठ्ठे व्यापाऱ्याकडेच पडून राहिले. पुढच्या वर्षी दुसरी लाट आली, तो हंगामही गेला.

सरकारनं जनधन खातं असलेल्या बायकांना एप्रिल ते जून दरमहा 500 रुपये दिले. आमच्या वाड्यातल्या एका वहिनींना मिळाले. त्यांच्या यजमानांची पगारी नोकरी, पगार चालू होता. माझं साधं बचत खातं, जनधन योजना येण्याआधीचं, म्हणून मला काहीच नाही. कंट्रोलवर, म्हणजे रेशन दुकानात, गेले तर पात्रता पर्ची (स्वस्त धान्याच्या यादीत नाव असल्याची चिठ्ठी) नाही म्हणून परत पाठवलं. समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-नोंदणी क्रमांक, होता, आधार होतं. वहिनींना मिळालं ते बरंच झालं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मुलगी अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे, ती म्हणते गरीब देशांत सगळीकडे हेच झालं, तिजोरीतच पैसा नव्हता. मला हे पटत नाही. पैसा नसेल, धान्य तर होतं ना? मग यादी कोण ठरवत होतं?

तिलकनगर_निवृत्त
ताई, मुलीचं म्हणणं अगदीच चूक नाही. श्रीमंत देशांना स्वतःच्या चलनात स्वस्त कर्ज मिळत होतं. झांबियाला मात्र नोव्हेंबर 2020 मध्ये परदेशी रोख्यांचं व्याजसुद्धा भरता आलं नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं ऑगस्ट 2021 मध्ये 650 अब्ज डॉलरचे एसडीआर (देशांच्या परकीय गंगाजळीत जमा होणारा नाणेनिधीचा राखीव निधी) वाटले, तेही कोट्याप्रमाणे. म्हणजे ज्याची अर्थव्यवस्था मोठी त्याला जास्त. आपल्या राज्याचं दुखणं आणखी वेगळं. 20 मार्चला कमलनाथांनी राजीनामा दिला, 23 ला शिवराजसिंहांचा शपथविधी झाला आणि मंत्रिमंडळ आलं 21 एप्रिलला. इंदुरात रोज रुग्ण वाढत होते आणि राज्याला आरोग्यमंत्री नव्हता. याचा मला आजही राग येतो.

छावणी_मुनीम
धान्याचं मी सांगतो, माझं आयुष्य छावणीच्या मंडीत गेलं. ताई म्हणतात ते खरं आहे. मार्च 2020 मध्ये सरकारी साठ्यात धान धरून साडेसात कोटी टनांच्या वर धान्य होतं, आणि नवा गहू यायचाच होता. अडलं ते यादीपाशी. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात खेड्यांतली 75 टक्के आणि शहरांतली 50 टक्के माणसं धरली, पण माणसं मोजली 2011 च्या जनगणनेवरून. ज्याँ द्रेझ आणि रितिका खेरा या अर्थतज्ज्ञांनी 2020 मध्येच हिशेब दाखवला होता की वाढलेली लोकसंख्या धरली तर 10 कोटींहून जास्त लोक बाहेर राहतात. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांसाठी माणशी 5 किलोची घोषणा झाली 14 मे रोजी. तोवर महाराष्ट्रातून उत्तर प्रदेशाकडे निघालेली माणसं आपल्या बायपासवरून पायी चालली होती.

आणि ताई, तुमचं नाव यादीत नसण्यात कुणाचा तरी फायदा आहे. छोट्या कारखान्यांतल्या कमी पगारवाल्यांचा पीएफचा हप्ता सरकारनं भरला, मालकाचा वाटासुद्धा. फेरीवाल्यांसाठी जून 2020 मध्ये 10,000 रुपयांचं कर्ज आलं. तुम्ही ना कारखान्यात, ना रस्त्यावर. व्यापाऱ्याच्या वहीत तुमचे नग आहेत, सरकारी रजिस्टरात तुम्ही नाही. नोंद झाली की किमान वेतनाचा प्रश्न निघेल, म्हणून व्यापारी ती करत नाही. सरकारही विचारत नाही. घरी बसून दुसऱ्याचा माल करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार 1996 पासून आहे, क्रमांक 177. भारतानं तो स्वीकारलेला नाही.

शिलाई_परदेशीपुरा
दादा, वहीचं अगदी बरोबर बोललात. त्या वहीत माझं आडनावही नाही, नुसतं 'परदेशीपुरावाली' आहे. आमच्यासारख्या कुठल्या देशानं हे निराळं केलं का?

मांडवी_वडोदरा
केलं. टोगो हा आपल्यापेक्षाही गरीब देश. तिथं एप्रिल 2020 मध्ये मतदार ओळखपत्रांच्या यादीवरून थेट मोबाइलवर पैसे पाठवले, बायकांना पुरुषांपेक्षा थोडे जास्त. ब्राझीलनं साडेसहा कोटींहून जास्त लोकांना रोख रक्कम दिली. पेरूची गोष्ट मात्र वाचवत नाही. कडक लॉकडाऊन केला, मदतही लवकर जाहीर केली. पण बहुतेकांची बँकेत खातीच नाहीत, म्हणून पैशासाठी बँकांपुढे रांगा. निम्म्या घरांत फ्रिज नाही, म्हणून बाजाराला वारंवार जाणं आलंच. लोकसंख्येच्या मानानं जगातले सर्वांत जास्त मृत्यू झालेल्या देशांत पेरू आहे.

शिलाई_परदेशीपुरा
म्हणजे मतदार यादी चालली असती. ती तर आमच्या वाड्यात प्रत्येकाची आहे, निवडणुकीआधी चिठ्ठी घरपोच येते.

मुलगी सांगते की फेब्रुवारी 2027 मध्ये जनगणनेची माणसं येणार. मागच्या खेपेला सासऱ्यांनी माझ्या नावापुढे घरकाम सांगितलं होतं. या वेळी शिलाई म्हणून मी स्वतः सांगणार आहे, आणि गल्लीतल्या मशीनवाल्या बायकांनाही तेच सांगते आहे. मुनीमदादा, एक विचारायचं राहिलं. कापड व्यापाऱ्याचं, दरही त्याचाच, पण मशीन, धागा आणि वीज माझी. मग मी मजुरी सांगू की स्वतःचा धंदा?