मदत हवी आहे : प्रभागरचनेला कोर्टात आव्हान देता येतं का?

नमस्कार मंडळी. आमच्या नगरपरिषदेच्या नव्या प्रभागरचनेत आमची वस्ती मधोमध चिरली आहे; गल्लीच्या अलीकडची घरं एका प्रभागात, पलीकडची दुसऱ्यात. हरकत घेतली, सुनावणीही झाली, नकाशा मात्र जसाच्या तसा अंतिम झाला. आता उच्च न्यायालयात रिट करावी म्हणतोय, तर ओळखीचे वकील म्हणतात, राज्यघटनेचं कलम २४३-झेडजी आडवं येईल; नगरपालिकांच्या प्रभागरचनेच्या कायद्याला कोर्टात आव्हान देता येत नाही, असं ते सांगतं.

लोकसभा-विधानसभेच्या मतदारसंघांसाठी असंच कलम ३२९ आहे. उज्जैनच्या जागेबाबत मेघराज कोठारी खटल्यात १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने दार बंदच केलं होतं. पण २०२४ मध्ये, गुजरातच्या बारडोलीच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने म्हटलं की मतदारसंघ आखणीचा आदेश उघड मनमानी आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर तो तपासता येतो. (सुनावणी नाकारायला तेवढं एक कलम पुरे, ही पळवाट गेली म्हणायची!)

हा निकाल दाखवून कोणी प्रभागरचनेविरुद्ध दाद मागितली आहे का? मनमानी दाखवायला काय जोडावं: प्रगणक गटांचे (जनगणनेसाठी पाडलेल्या छोट्या भागांचे) नकाशे, लोकसंख्येतली तफावत, की हरकतीवरचा आदेशच पुरे? निवडणूक जाहीर झाली की कोर्ट सहसा हात घालत नाही, म्हणून घाई आहे. राजकीय सल्ले नकोत, ते कोपऱ्यावरच्या टपरीवर भरपूर मिळतात.