मुलांसाठी हेरकथा: मुखपृष्ठ बघून घ्यायच्या की आतलं पान सोडवून?

खानापूर रोड
गल्लीतल्या मंडळाच्या वाचनालयासाठी 9 ते 13 वयाच्या पोरांना बारा हेरकथा घ्यायच्या आहेत, कुठल्या घ्याव्यात, असा प्रश्न आलाय. पुस्तकांची नावं सुचवण्याआधी एक सांगतो: 'गुप्तहेर' हा शब्द बघून पुस्तक उचलू नका. मराठीत तो दोघांनाही लावतात. चोरी झाल्यावर ठसे शोधत येणाऱ्याला, आणि काही घडायच्या आधीच शत्रूच्या वाड्यात पाणक्या होऊन राहिलेल्यालाही. पहिल्या गोष्टीत प्रश्न असतो 'कुणी केलं?', दुसरीत 'हा ओळखला जाईल का?'. दुसरी हवी असलेल्या पोराच्या हाती पहिली दिली की पुस्तक अर्ध्यात परत येतं.

मधलं एक प्रकरण उभ्याउभ्या वाचा. बातमी मिळाली कशी, पोचवली कशी, आणि ती पोचल्यामुळे पुढं काय बदललं? ही तिन्ही उत्तरं मिळाली तर घ्या. नाहीतर नुसती पळापळ आहे.

अनुवाद असेल तर सांकेतिक चिठ्ठीचं पान पेन्सिल घेऊन सोडवून बघा. इंग्रजीतलं कोडं 26 अक्षरांवर बांधलेलं असतं. ते जसंच्या तसं देवनागरीत उतरत नाही, मग अनुवादक चिठ्ठी गाळतो आणि 'त्याने मजकूर उलगडला' एवढंच लिहून मोकळा होतो. असलं पुस्तक ठेवून द्या.

निपाणीचा मास्तर
सगळं बरोबर ओ, पण सुरुवात चुकीच्या टोकाला. आपल्याकडची अर्धी पोरं इंग्रजी नाहीतर कन्नड माध्यमात. घरात घडाघडा मराठी बोलतात, पण पान वाचताना अडखळतात. त्यांना आधी कोडं नको, वाचता येईल असं पान हवं. साधारण 100 शब्दांचा उतारा मोठ्याने वाचायला लावा आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायला सांगा. पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक यंदा नको.

यात सगळ्यात जास्त पडतात त्या शिवकाळातल्या हेरकथा. जासूद, नजरबाज, खलिता, रुजवात... दोन पानांतच मूठ आवळली जाते. विषय नाही, शब्द आडवे येतात.

खानापूर रोड
मान्य, पण म्हणून शिवकाळ सोडायचा नाही. असं पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायला घ्या, एकट्यानं वाचायला नको. फक्त एक बघा. सभासदाच्या बखरीत (शिवरायांचं जुनं चरित्र) त्यांचा हेर बहिर्जी नाईक याचा उल्लेख सुरतेच्या संदर्भात येतो, आणि तो मोजकाच आहे. 1664 च्या त्या स्वारीआधीची पाहणी हा गोष्टीचा खरा कणा. वेषांतरं, संवाद, पक्ष्यांचे आवाज हे बहुतेक लेखकानं भरलेलं असतं. भरायला हरकत नाही, पण 'ही कादंबरी आहे' असं प्रस्तावनेत सांगणारं पुस्तक घ्या.

शहापूरची वाचक
मला मुळातच पटत नाही. अकरा वर्षांखालच्या मुलाला हेरकथा कशाला? खोटं नाव, खोटा वेष, विश्वास मिळवून दगा. सगळं शौर्य म्हणून रंगवलेलं. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातच नंदगड आहे, तिथं 1831 मध्ये इंग्रजांशी लढणाऱ्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिलं. तो लढाईत हरून नाही, फितुरीनं सापडला. ती बातमी पोचवणाराही कुणाचा तरी हेरच होता की. पोरानं विचारलं, 'मग तो वाईट आणि आपला चांगला, असं का?', तर बारांतली किती पुस्तकं उत्तर देतील?

निपाणीचा मास्तर
ताई, हाच प्रश्न पडावा म्हणून तर द्यायची की पुस्तकं! कौटिल्यानं 'अर्थशास्त्रा'त तापस, व्यापारी, गृहस्थ, भिक्षुकी अशा वेषांतल्या हेरांची वर्गवारीच करून ठेवलीय. (त्या ग्रंथाचं हस्तलिखित 1905 साली म्हैसूरच्या ग्रंथालयात तिथले ग्रंथपाल शामशास्त्री यांच्या हाती आलं, म्हणजे आपल्याच कर्नाटकात.) पण त्यानं विष देणाऱ्याचाही वर्ग केलाय, ते दहा वर्षांच्या पोरापुढं ठेवू नये, इथं तुमच्याशी सहमत.

शहापूरची वाचक
मग वयाची रेघ आखाच. नूर इनायत खानची गोष्ट घ्या. जातककथांचं पुस्तक लिहिणारी मुलगी 1943 मध्ये ब्रिटिशांची हेर म्हणून वायरलेस घेऊन फ्रान्समध्ये उतरते, शेवट 1944 मध्ये दाखाऊच्या छळछावणीत. ती तेरा वर्षांच्या मुलीला जरूर द्या. नऊ वर्षांच्याला देताना शेवट कापलेली 'बालआवृत्ती' घेऊ नका, ते तर निव्वळ खोटं. थांबा आणि नंतर द्या.

खानापूर रोड
ही रेघ मान्य. लहानांसाठी मग चिठ्ठ्या-कोड्यांची पुस्तकं. त्यातही करून बघितल्याशिवाय घेऊ नका. लिंबाच्या रसाची शाई सगळीकडे असते, आणि बऱ्याच ठिकाणी मेणबत्तीवर धरायला सांगतात. कागद पेटतो! वाफ बंद केलेली इस्त्री फिरवायची, तीही मोठ्या माणसानं. रस कागदाआधी करपतो म्हणून अक्षर तपकिरी दिसतं. टोकदार काडीनं लिहिलं तर ओरखडा आधीच दिसतो, कापूस गुंडाळलेली काडी घ्या. गुळगुळीत कागदावर रस मुरत नाही.

निपाणीचा मास्तर
आणि अक्षरं तीन घरं सरकवायची लिपी देवनागरीत नीट बसवलेली आहे का, तेही बघा. व्यंजन सरकवायचं (ळ नंतर पुन्हा क), काना-मात्रा तशाच: क चा घ, 'कमळ' चा 'घलग'. क ते ळ अशी 34 व्यंजनं धरली तर 'खबर' चा 'ङयश' होतो आणि पोरं ङ पाशीच अडतात. ङ, ञ काढून 32 ठेवली की 'चयश', लिहायला सोपं. क्ष फोडला तर 'घ्ळ' येतो, तेव्हा जोडाक्षरं टाळलेलीच बरी.

शहापूरची वाचक
पण 'आणि' चा 'आदि' होतो की ओ! चिठ्ठीत मधेच खरा शब्द येऊन बसला तर पोर फसेल.

खानापूर रोड
फसू द्या, मजा तीच. आणखी एक: कन्नड वर्णमालेचा क्रमही क-ख-ग-घ असाच आणि शेवटी ळ. शेजारच्या कन्नड पोराला हीच किल्ली चालते, फक्त चिठ्ठी त्याच्या लिपीत लिहायची. तेव्हा बारातली दोन पुस्तकं कोड्यांची घ्या, आणि त्यांच्याशेजारी कोऱ्या वह्या ठेवा. नाहीतर पोरं पुस्तकावरच पेन्सिल चालवतात.