मदत हवी आहे: शाम्पूच्या वडीने केस मेणचट होतात, काय करू? (नाशिक)

मोरपंखी
घरातल्या बाथरूममधलं आणि मोरीतलं प्लास्टिक कमी करायला घेतलं आहे. हँडवॉश बंद करून साबणाची वडी आणली, जमलं. भांड्यांना वडी आणि काथ्या, तेही जमलं. शाम्पूवर अडले आहे. बाटली बंद करून शाम्पूची वडी आणली, तर धुतल्यावर केस मेणचट राहतात आणि कंगव्याला पांढरट काहीतरी लागतं. दुसऱ्या ठिकाणची आणून पाहिली, तेच. सासूबाई, नवरा, शाळेत जाणारी मुलगी, सगळ्यांचं एकच म्हणणं, बाटली परत आण. शनिवारी महिन्याचं सामान भरायचं आहे, त्याआधी काय ते ठरवायला हवं.
शिवाय टूथपेस्टच्या ट्यूबला पर्याय हवा आहे. आणि फरशीचं लिक्विड आपल्याच बाटलीत भरून देणारं नाशकात कोणी आहे का?
कृपया "धीर धरा, केसांना सवय होते" हे सांगू नका. ते ऐकून झालं आहे.

कढीपत्ता
कुठली वडी? निदान मागे काय घटक लिहिलेत ते तरी द्या. केस लांब की आखूड, रंगवता का, तेल रोज लावता का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

जुनं नाशिक
मुळात शाम्पू हवा कशाला? रिठा, शिकेकाई, आवळकाठी, नागरमोथा. जुन्या नाशकातल्या काष्ठौषधीच्या दुकानांत वजनावर मिळतं, कागदात बांधून देतात. रात्री लोखंडी कढईत भिजत घालायचं, सकाळी उकळून गाळायचं. आमच्या घरात शाम्पूची बाटली कधी आलीच नाही आणि सगळ्यांचे केस जाग्यावर आहेत.

मोरपंखी
काका, मला सकाळी साडेसातला सातपूरला कामावर पोचायचं असतं. उकळणं-गाळणं होणार नाही.
@कढीपत्ता, केस खांद्यापर्यंत, रंगवत नाही, तेल आठवड्यातून एकदा. वडीवर 'हँडमेड', खोबरेल, एरंडेल वगैरे लिहिलं आहे.

रसायनशाळा
पाणी कुठलं?

मोरपंखी
नळाचं. दुसरं कुठलं असणार?

रसायनशाळा
नळाला टाकीतून येतं. टाकीत कुठून येतं? मनपाचं, बोअरचं की टँकरचं? तोटीवर, बादलीच्या आत पांढरे डाग पडतात का?

नियमावली
काही गोष्टी स्पष्ट असाव्यात म्हणून लिहितो. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ला निघाली. पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि ३ महिन्यांपर्यंत कैद. केंद्राची एकदाच वापरायच्या वस्तूंवरची बंदी १ जुलै २०२२ पासून आहे. कान साफ करायच्या प्लास्टिकच्या काड्या तिच्यात येतात. कॅरीबॅग ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ चालत नाही.

कढीपत्ता
नियमावली, त्यांनी केसांबद्दल विचारलं आहे. कॅरीबॅगचा इथे काय संबंध?

नियमावली
संबंध आहे. शाम्पूची पुडी बंदीच्या यादीत नाही. म्हणजे सगळ्यात जास्त फेकली जाणारी वस्तू कायद्यातून सुटली आहे. हे लोकांना माहीत हवं.

मोरपंखी
पाथर्डी फाट्याला राहते. सोसायटीच्या टाकीत मनपाचं आणि बोअरचं एकत्र पडतं, एप्रिल-मेमध्ये टँकर. डाग पडतात, तोटी खरवडावी लागते. पण याच पाण्यात बाटलीतल्या शाम्पूने असं कधी झालं नाही. मग दोष पाण्याचा कसा?

रसायनशाळा
दोघांचा मिळून आहे. 'शाम्पूची वडी' या नावाखाली बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात.
पहिली म्हणजे साबणच. खोबरेल, एरंडेल यांत कॉस्टिक सोडा घालून केलेला. घटकांत 'सॅपोनिफाइड' अमुक तेल किंवा 'सोडियम कोकोएट' असं असतं. तुमची ही दिसते. साबण जड पाण्यात, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असलेल्या पाण्यात गेला की ते त्याला धरतं आणि न विरघळणारा चिकट थर तयार होतो. कंगव्यावरचं पांढरं ते हेच. ते केसांवरच बसत असल्यामुळे सवय होण्याचा प्रश्न येत नाही, तुमचं म्हणणं बरोबर आहे. शिवाय साबणाचा पीएच ९-१० च्या घरात असतो, त्याने केस राठ होतात.
दुसरी वडी साबण नसते. तिच्यात 'सोडियम कोकोइल आयसेथायोनेट' किंवा 'सोडियम कोको सल्फेट' असतं, म्हणजे बाटलीतल्या शाम्पूच्याच जातीचं फेस करणारं द्रव्य, पाण्याशिवाय दाबून केलेलं. जड पाण्यात तिचा असा थर बसत नाही. वेष्टन उलटं करून हे नाव शोधा. 'नैसर्गिक', 'हँडमेड' या शब्दांवरून काहीच कळत नाही.
खात्री करायची असेल तर दोन पारदर्शक बाटल्या घ्या, एकीत टाकीचं पाणी, दुसरीत आरओचं. दोन्हींत त्या वडीचा सारखाच किस टाकून हलवा आणि फेस बघा.

हिशोबी
एवढं कशाला, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचा मीटर बुडवा. ५०० च्या वर आकडा आला की पाणी जड.

रसायनशाळा
नाही. टीडीएसमध्ये मीठही मोजलं जातं, आणि मिठाने पाणी खारं होतं, जड नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दोन्ही वेगळे दिले आहेत. टीडीएस ५०० पर्यंत आणि एकूण जडपणा २०० पर्यंत स्वीकारार्ह, दुसरा स्रोत नसेल तर अनुक्रमे २,००० आणि ६०० पर्यंत चालवून घेतात, सगळं मिलिग्रॅम प्रतिलिटर.

हिशोबी
आमच्या इंदिरानगरच्या बोअरला टीडीएसही जास्त आहे आणि साबणाला फेसही येत नाही. अनुभव सांगतोय.

रसायनशाळा
तुमच्या बोअरला दोन्ही असेल. म्हणून मीटरवरून जडपणा ठरत नाही.

जुनं नाशिक
मग माझंच खरं ठरलं की! रिठ्या-शिकेकाईला जड पाण्याचं काही होत नाही. पूर्वी विहिरीच्याच पाण्याने न्हायचे.

रसायनशाळा
काका, हे अगदी बरोबर. त्यांतल्या सॅपोनिनचा, म्हणजे फेस करणाऱ्या नैसर्गिक द्रव्याचा, असा थर होत नाही. फक्त रिठ्याचं पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका, लहान मुलांच्या तर मुळीच नाही.

संत्र्याची साल
ताई, बायोएन्झाइम करा, सगळे प्रश्न सुटतील. १ भाग गूळ, ३ भाग लिंबू-मोसंबी-संत्र्याच्या साली, १० भाग पाणी, ३ महिने ठेवायचं. फरशी, संडास, भांडी सगळ्याला चालतं. मी केसांनाही लावते.

मोरपंखी
मला शनिवारी सामान आणायचं आहे, तीन महिन्यांनी नाही.

कढीपत्ता
आणि काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवू नका कोणी. पहिल्या महिन्यात वायू खूप होतो, रोज झाकण सैल करावं लागतं. आमच्या शेजारी बरणी फुटली होती. हे आम्लधर्मी असतं, म्हणून ब्लीचिंग पावडर टाकलेल्या संडासात ओतायचं नाही, क्लोरीन वायू निघतो. संडासच्या ॲसिडचंही तेच. हे सांगितल्याशिवाय कृती देत जाऊ नका हो.

सुका कचरा
सोसायटीत वर्गीकरणाचं काम बघते, म्हणून थोडं वेगळं लिहिते. प्लास्टिक कमी करायला बसल्यावर आपण बाटलीपासून सुरू करतो, कारण ती डोळ्यांत भरते. पण शाम्पूची आणि फिनाईलची जाड बाटली बहुधा एचडीपीई या प्लास्टिकची असते, तळाला त्रिकोणात २ आकडा. भंगारवाला ती पैसे देऊन नेतो. त्याला देऊनही तो घेत नाही त्या वस्तू म्हणजे शाम्पूच्या पुड्या, रिफिलचे पाऊच, जुन्या पद्धतीच्या चकचकीत ट्यूबा, वेफर्सची पाकिटं. प्लास्टिकचे वेगवेगळे थर, कधी मध्ये ॲल्युमिनियम, हे वेगळं करणं कुणाला परवडत नाही. आधी ते बंद करा. घंटागाडीत सुक्या कचऱ्यात टाकलं तरी त्याचं नवं काही बनत नाही.

हिशोबी
हे पटलं नाही. लिटरभराच्या पाऊचला बाटलीपेक्षा कितीतरी कमी प्लास्टिक लागतं. वजन करून बघा. वाहतूकही कमी.

सुका कचरा
वजन कमी आहे, मान्य. पण मी टेबलावर हाताने निवडते तेव्हा बाटली एका पोत्यात जाते आणि पाऊच नाकारलेल्या ढिगात. तो ढीग जाळायला नाहीतर पुरायलाच जातो. वजनाचा हिशेब त्या टेबलापाशी उपयोगाचा नाही.

हिशोबी
मग रिफिल न घेता दर वेळी नवी बाटली घ्यायची का?

सुका कचरा
नाही, मोठा कॅन घ्यायचा. अंबड आणि सातपूरकडे फिनाईल, लिक्विड सोप करणारे छोटे कारखानदार आहेत, त्यांच्याकडून येणारे विक्रेते ५ लिटरचे कॅन देतात. आम्ही चार घरं मिळून एक घेतो आणि जुन्या बाटल्यांत वाटून घेतो. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. कॅनवर उत्पादकाचं नाव, घटक आणि तारीख छापलेली हवी. आणि हे द्रव पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरायचं नाही, घरात मूल असेल तर मुळीच नाही.

गंगेवरचा
अवांतर आहे पण राहवत नाही. सकाळी गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर) जातो. रामकुंडाच्या पायऱ्यांवर शाम्पूच्या रिकाम्या पुड्या आणि साबणाची वेष्टनं रोज दिसतात. २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय. लाखो लोक एका दिवसात स्नान करणार आहेत, प्रत्येकाने एक पुडी फाडली तर काय होईल? नदीत साबण लावूच नये खरं तर, पुडीत असो की वडीत.

नियमावली
म्हणूनच म्हटलं होतं की पुडी यादीत यायला हवी.

कढीपत्ता
सिंहस्थावर वेगळा धागा काढा, तिथे मीही लिहीन. इथे ट्यूबचा प्रश्न तसाच राहिलाय.

जुनं नाशिक
कडुलिंबाची काडी नाहीतर राखुंडी. ट्यूबची गरजच नाही.

दाढदुखी
मी दंतवैद्य आहे. राखुंडी, कोळसा, मीठ यांचे खरबरीत कण रोज घासले की दातांवरचं आवरण झिजतं आणि ते परत येत नाही. मशेरी तर तंबाखू भाजून केलेली असते, तिने तोंडाचा कर्करोग होतो, तिचं नावही नको. ट्यूब सोडायची असेल तर काचेच्या बरणीतल्या गोळ्या किंवा पूड मिळते, पण तिच्यात फ्लोराइड आहे का ते बघा. मुलगी शाळेत आहे म्हणता, तिच्यासाठी मी फ्लोराइडची पेस्टच ठेवीन, ट्यूबमध्ये का असेना. पेस्ट वाटाण्याएवढी पुरते, ट्यूब दुप्पट दिवस जाते. ब्रश बांबूचा घेतलात तरी त्याचे केस बहुतेक वेळा नायलॉनचेच असतात, खतात टाकण्याआधी पकडीने उपटून काढा.

जुनं नाशिक
मशेरीचं मी म्हटलं नव्हतं. पण कण झिजवतात हे ध्यानात आलं. काडीला तरी हरकत नाही ना?

दाढदुखी
काडीला हरकत नाही, चावून मऊ केलेली हवी आणि हिरड्यांवर जोर नको.

मोरपंखी
बाटल्या हलवून पाहिल्या. आरओच्या पाण्यात वरपर्यंत फेस. टाकीच्या पाण्यात फेस नाहीच, दूध नासल्यासारख्या कण्या तरंगत होत्या. नवऱ्याला आणि सासूबाईंना दोन्ही दाखवल्या, त्यामुळे घरातला वाद मिटला.
@रसायनशाळा, मनापासून आभार. आयसेथायोनेटवाली वडी कॉलेज रोडला मिळाली, कागदाच्या खोक्यात. कालच धुतले, केस मोकळे आहेत. महाग आहे मात्र. आधीच्या दोन वड्या उरल्या आहेत, त्यांचं काय करू?

रसायनशाळा
अंगाला लावा, साबणच आहेत. केसांनाच संपवायच्या असतील तर शेवटी मग्गाभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून ते केसांवरून ओता, थर बराचसा सुटतो. आणि नवी वडी पाण्यात बसू देऊ नका, जाळीच्या साबणदाणीत कोरडी राहिली तर पुष्कळ दिवस पुरते, मग महाग वाटणार नाही.

मोरपंखी
बरं. सासूबाईंनी शिकेकाई मागवली आहे, काका, तुमचं ऐकलं त्यांनी. मुलीची पेस्ट राहणार. पुड्या प्रवासालासुद्धा आणायच्या नाहीत असं ठरलं, छोट्या डबीत वडीचा तुकडा नेऊ.
@सुका कचरा, मजल्यावरच्या तीन घरांना कॅनचं विचारलं, दोघी तयार आहेत. रिकामा कॅन विक्रेता परत नेतो का? नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल?

सुका कचरा
आमचा नेतो, झाकणासकट आणि आतून धुतलेला असेल तर पुढच्या कॅनमधून पैसेही वजा करतो. व्यनि केला आहे. पाथर्डी फाट्याला तो गुरुवारी येतो, सकाळी दहाच्या आत फोन करा.