३१ मेनंतर तंबाखू सुटलेलीच राहावी, यासाठी मदत हवी आहे

आमच्या कारखान्यात दरवर्षी ३१ मेला तंबाखूविरोधी दिन होतो. शपथ, व्याख्यान, तोंडाची तपासणी, सगळं करून झालं. आठवडाभर पुड्या दिसत नाहीत. मग रात्रपाळीत डोळे मिटायला लागले की पुन्हा तळहातावर तंबाखू-चुना मळणं सुरू. काहींच्या गालात आतून पांढरे चट्टे दिसलेत, म्हणून फार काळजी वाटते.

दंड नको, लोक लपून खातात. बडीशेप-लवंग ठेवून पाहिली, तेवढ्याने तलफ भागत नाही. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी मोफत फोन क्रमांक भिंतीवर लावलाय, पण कामावर मोबाइल नेता येत नाही आणि सुट्टी जेमतेम १५ मिनिटांची.

कामाच्या ठिकाणी ज्यांनी हे टिकवलंय, त्यांनी कृपया सांगा: पहिले दोन-तीन आठवडे, विशेषतः रात्रपाळीत, सोडणाऱ्याला नेमका कसा आधार दिलात?